गाठताईचं माप

धक्क्यावर तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. तिने मारलेली गाठ सुटत नाही, म्हणून ती गाठताई. पाठीमागे तिला आणखीही काहीबाही म्हणत, पण तिच्या कानावर जाणार नाही एवढं अंतर राखून, कारण तिचे कान तिखट होते आणि मन त्याहून तिखट.

संशय हा तिच्या घरातला जुना भाडेकरू होता. भाडंही देत नव्हता आणि घरही सोडत नव्हता. दूधवाल्याच्या देखत ती पातेलं नाकाशी नेऊन मगच आत न्यायची. कोणी उगाच गोड बोललं की आधी त्याच्या हातांकडे बघायची, मग तोंडाकडे. लग्नाची बोलणी करायला आलेल्या फिटरला, म्हणजे आताच्या नवऱ्याला, तिने पहिलाच प्रश्न विचारला होता की हा चष्मा रोजचा आहे की आजच्यापुरता. फिटर तेव्हा लेथच्या कारखान्यात कामाला होता. त्याने चष्मा काढून तिच्या हातात ठेवला आणि घालून बघा म्हणाला. तिने खरंच घातला, तिला गरगरलं, आणि लग्न ठरलं. पुढेही ती त्याच्यावर अधूनमधून संशय घ्यायची, पण त्यात जीव नसायचा. सराव राहावा म्हणून घेतल्यासारखा.

तिची शेड धक्क्याच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्याला पाठ लावून उभी. वर पत्रा, आडव्या तुळईला लोखंडी आकडे, आकड्यांना लोंबणारी जाळी. मधोमध एक बुटकं स्टूल आणि भोवती नायलॉन दोऱ्याच्या रिळांचा वेढा, म्हणजे ती कामाला बसली की तिच्यापर्यंत पोचायला माणसाला उड्या मारत जावं लागे. जाळ्याचं बाकी अंग मालक लोक बाहेरून यंत्रावरचं आणत, पण शेपटाची पिशवी तिच्याच हातची लागे. जाळं ओढताना सगळे मासे शेवटी त्या पिशवीत गोळा होतात, सगळं वजन तिच्यावर येतं. ती फाटली तर दिवसभराचं डिझेल पाण्यात.

उजव्या हातात दोरा भरलेली सुई, डाव्या हातात वीतभर लांबीची लाकडी पट्टी. दोरा पट्टीवरून फिरवायचा, गाठ आवळायची, पुन्हा फिरवायचा. पट्टी जेवढी रुंद तेवढीच जाळ्याच्या भोकाची एक बाजू. त्या भोकाला धक्क्यावर आस म्हणतात. ही पट्टी तिच्या वडिलांनी घडवलेली. आस किती मोठा हवा याचा कायदा आला, तेव्हा त्या वेळच्या साहेबाने स्वतः आपली मोजपट्टी लावून ती तपासली होती आणि उत्तम म्हणून मान हलवली होती. तेव्हापासून धक्क्यावर कायद्यापेक्षा त्या लाकडाला मान जास्त. कोणाच्या जाळ्यावरून वाद झाला की लोक म्हणत, जा, गाठताईची पट्टी लावून ये. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या बाईने पट्टीवर मात्र कधी घेतला नव्हता.

आता कायदा कशासाठी, तर तांबोशीसाठी. हा मासा लहानपणी खाडीच्या तोंडाशी वाढतो, मोठा झाला की खोल पाण्यात जातो, आणि अंड्यावर आलेल्या मोठाल्या माद्या ठरावीक महिन्यांत खडकांजवळ येतात. बोटीवाले लहान तांबोशी ओरबाडतात, असं हौशी गळवाल्यांचं म्हणणं. गळवाले अंड्यावरच्या माद्या उचलतात, असं बोटीवाल्यांचं. दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघांचाही आवाज चढा. सरकारने दोघांनाही मर्यादा घालून दिली. बोटींना आसाची, आणि गळवाल्यांना एका गळामागे दिवसाला दोन मासे, अंड्यांच्या महिन्यांत मोठी मादी परत पाण्यात. मग ज्याने त्याने आपली मर्यादा सोडून दुसऱ्याचीच राखायला सुरुवात केली. बोटीवाले दुर्बीण लावून गळवाल्यांच्या बर्फाच्या डब्यांत डोकावत. गळवाले लिलावाच्या वेळी फिरायला आल्यासारखे येत आणि टोपल्यांचे फोटो काढून जात. बोटीवाले त्यांना खुर्चीवाले म्हणत, कारण ते खडकावरसुद्धा घडीची खुर्ची घेऊन जायचे. ते बोटीवाल्यांना खरवडे म्हणत.

गाठताईच्या घरात हे दोन्ही पक्ष एका ताटात जेवलेले. धाकटा भाऊ बोटीवाला. कर्ज काढून घेतलेली एकच बोट, तीही स्वभावाने तापट, अगदी मालकासारखी. आणि फिटर निवृत्त झाल्यावर गळवाल्यांत सामील झालेला. सुट्टीच्या दिवशी दातांच्या डॉक्टरबरोबर खडकावर बसायचा. डॉक्टर त्यांच्या क्लबचा अध्यक्ष. धाकटा घरी आला की विचारायचा, काय भाऊजी, आज किती किडे चारले समुद्राला? फिटर म्हणायचा, मेहुणे, आम्ही एकेकाला आमंत्रण देऊन बोलावतो, तुमच्यासारखी वरात उचलून आणत नाही. ती दोघांनाही वाढता वाढता गप्प करायची. इथवर सगळं हसण्यावारी होतं.

मग एका सकाळी मत्स्यखात्याची निरीक्षक बाई धक्क्यावर आली. नवीन होती, तरुण होती, बूट चिखलात बुडले तरी खाली न बघणारी. ओळीने लागलेल्या सगळ्या बोटी ओलांडून ती थेट धाकट्याच्या बोटीवर चढली. हातात धातूची निमुळती पाचर, तिच्यावर लाल रेघ. पाचर आसात घातली की रेघेपर्यंत आत जायला हवी. गेली नाही. तिने दुसऱ्या आसात घातली, तिसऱ्यात घातली. रेघ वरच राहिली. पिशवी कापून पोत्यात भरली, पोत्याला सील ठोकलं, बोट बांधून ठेवली. धाकट्यावर आधीच एक ठपका होता, बंदी असलेल्या पट्ट्यात जाळं टाकल्याचा. दुसरा सिद्ध झाला तर हंगामभर परवाना गेला. सुनावणी पुढच्या आठवड्यात.

निरीक्षक बाईची गाडी वळली तसे सगळे बोटीवाले वळले, पण गाडीकडे नाही. चहाच्या टपरीपाशी हातात गळ घेऊन फिटर उभा होता. त्याच्याकडे.

धाकटा शेडमध्ये आला तो रिळांवरून उडी न मारता, त्यांना लाथ मारत आला.

"ताई, त्या बाईला माझ्याच बोटीचा रस्ता कोणी दाखवला?"

"मला काय विचारतोस? तिला डोळे दिलेत देवाने."

"डोळे सगळ्यांना असतात. ती आली ती सरळ पिशवीवर. वरचं जाळं बघितलंसुद्धा नाही." त्याने आवाज उतरवला. "या धक्क्यावर मिलिमीटरचेही तुकडे मोजणारं हत्यार एकाच माणसाच्या खिशात असतं."

त्या हत्याराचं नाव व्हर्निअर. कारखाना सुटला तरी फिटरच्या खिशातून ते सुटलं नव्हतं. पावाची जाडीसुद्धा तो त्याने मोजून बेकरीवाल्याला ऐकवायचा.

ती पट्टीवरून दोरा फिरवत राहिली. मग तिने भावाला विचारलं, पिशवी माझीच होती ना? की कंपनीच्या माणसाकडून स्वस्तातली घेऊन लावलीस? गावाबाहेरच्या शीतगृहाची कंपनी लहान मासळी हव्या तेवढ्या वजनाने उचलायची, आणि बारीक आसाच्या पिशव्या तिथूनच गुपचूप येतात, ही धक्क्यावरची कुजबुज होती. माझ्यावर संशय घेतेस, असं तो म्हणाला, आणि तिने शांतपणे सांगितलं की सगळ्यांवरच घेते, तू काय वेगळा आहेस. माझी पिशवी असेल तर मापात असणार, आणि मापात नसेल तर ती माझी नसणार. पोतं उघडेपर्यंत मी एवढंच म्हणेन.

तो गेला. पण व्हर्निअरची गोष्ट जाताना मागे ठेवून गेला.

त्या दिवसापासून ती घरात नवऱ्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागली, आणि बघायला लागल्यावर दिसायला काय वेळ लागतो? फिटर गप्प झाला होता. वर्तमानपत्र वाचायचा, पण पान उलटायचा नाही. फोन वाजला की उठून गॅलरीत जायचा. एकदा ती बाजारातून लवकर परतली तर त्याने झटकन वर्तमानपत्र कशावर तरी पसरलं, आणि त्याखाली व्हर्निअरचं टोक चमकलं. मग शेडचं कुलूप. ती कुलूप लावताना चावीचं भोक बाहेरच्या बाजूला ठेवायची. सलग दोन सकाळी ते भिंतीकडे तोंड करून लटकत होतं. शेडची दुसरी चावी जगात एकाच माणसाकडे होती.

नवऱ्याला सरळ विचारावं, हे कोणालाही सुचलं असतं. तिलाही सुचलं. पण सरळ विचारलं की सरळ उत्तर येतं आणि मग ते खरं की खोटं हे पुन्हा तपासावं लागतं, असा तिचा हिशोब. म्हणून तिने वळसा घ्यायचा ठरवला आणि दाढ दुखत असल्याचं सांगून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली.

दवाखान्याच्या भिंतीवर दातांच्या तक्त्याशेजारी डॉक्टरचा फोटो होता, दोन्ही हातांवर आडवी धरलेली भलीमोठी तांबोशी. बाहेर बसल्या बसल्या तिने ती मादी आहे का आणि महिना कुठला असावा, याचा अंदाज बांधून ठेवला. आत गेल्यावर काय काय विचारायचं तेही ठरवलं होतं. पण डॉक्टरने खुर्ची मागे पाडली, दिवा डोळ्यांवर आणला, आ करा म्हणाला, आणि तिच्या तोंडात आरसा, कापूस आणि एक नळी अशा तीन वस्तू घातल्या. एका शब्दालाही जागा उरली नाही. उलट डॉक्टरलाच कंठ फुटला.

"तुम्ही आलात ते बरं झालं," तो म्हणाला. "तुमच्या मिस्टरांशी हल्ली बोलणंच होत नाही. क्लबातही येत नाहीत. आता त्यात त्यांची काय चूक?"

"आँ?" ती म्हणाली.

"दुखतंय? नाही ना. मग असं झालं, की तक्रार आम्हीच केली. लपवत नाही. सगळ्या बोटींच्या जाळ्यांबद्दल केली. पण तुमचे मिस्टर बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, बोटीवाल्यांबद्दल काय हवं ते लिहा, माझ्या बायकोच्या हाताला केसाचा फरक पडत नाही. तिची पिशवी मोजून दाखवा, खोट निघाली तर मी गळ मोडून टाकतो. नवी पिशवी कोणाच्या बोटीवर आहे विचारलं, तर म्हणाले, मेहुण्याच्या. छाती फुगवून म्हणाले हो. तेवढंच मी निरीक्षक बाईंना कळवलं. चूळ भरा."

तिने चूळ भरली. डॉक्टरने दाढ ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि वर आणखी एक वाक्य जोडलं, अगदी सहज, हात धुताना. म्हणाला, भावासाठी थोडं घट्ट विणलं गेलं असेल, माणूस आहे, होतं. ती दरवाजात थांबली. मग तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून, ही मादी आहे ना, एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरली.

रस्त्याने जाताना तिला राग कोणाचा करावा तेच ठरेना. घरभेदी शोधायला निघाली होती, आणि सापडला तो तिची बढाई मारणारा नवरा. मग तो गप्प का? बढाई अंगाशी आली म्हणून लाज वाटत असेल, तर शेडचं कुलूप का उलटं होतं? तिची पावलं घराऐवजी धक्क्याकडे वळली. दुपार होती, लिलावाची जागा धुऊन रिकामी पडली होती. शेडचं कुलूप उघडं होतं.

फिटर तिच्या स्टुलावर बसला होता. समोर एका बोटीची अर्धी विणलेली पिशवी लोंबत होती आणि तो व्हर्निअरने तिचा एकेक आस मोजत होता.

"काय मोजताय?"

तो दचकला नाही. "तुझं काम."

"मग? सापडलं काही?"

"सापडलं. इथल्या सगळ्या पिशव्या कमी आहेत. ओळीने सारख्याच कमी. एवढ्याशा." त्याने दोन बोटं जवळजवळ चिकटवून दाखवली. "आठवडाभर मी तुला विचारीन विचारीन म्हणतोय."

"काय विचारणार होतात?"

त्याला ते सोपं गेलं नाही. "भावासाठी केलंस का?"

इतक्या वर्षांच्या संसारात संशयाचं खातं तिच्याकडे होतं. स्वयंपाक तिचा, बँक त्याची, संशय तिचा. त्याने त्यात कधी हात घातला नव्हता. आणि आज घातला तो असा. तिला राग यायच्या आधी नवल वाटलं, की संशय अंगावर आला की असं वाटतं तर.

मग राग आला. तिने पट्टी उचलली, रिळं ओलांडली, पट्टी एका आसात घातली. बरोब्बर बसली. दुसऱ्यात घातली, तिथेही बसली. बघा, ती म्हणाली.

"बसणारच," तो म्हणाला. "पट्टीवरच विणलंय ते. इकडे दे."

व्हर्निअरचे दोन दात पट्टीवर मिटले. त्याने चष्मा वर केला, पुन्हा खाली केला, आकडा वाचला, आणि व्हर्निअर तसाच तिच्यापुढे धरला. पट्टीच कमी होती.

तिने पट्टी हिसकावून उजेडाकडे नेली. कडेवर बारीक, तिरक्या, एकीला एक लागून असलेल्या रेघा. फिटरच्या पेटीत घासायच्या लहानमोठ्या कानशी होत्या, हे तिला माहीत होतं. दोन सकाळी कुलूप उलटं होतं, हेही. त्याआधी कितीदा असेल कोण जाणे.

"कानस मारलीत," ती म्हणाली. "तुमच्या क्लबाला पुरावा लागत होता."

फिटरने व्हर्निअर स्टुलावर ठेवला. तो उठला, रिळांवरून नीट पाय टाकत बाहेर पडला. दाराशी थांबून एवढंच म्हणाला, की मी पायरीवर बसतो, तुझं झालं की सांग.

एकटी राहिल्यावर तिने तेच केलं जे हातांना येत होतं. सुई घेतली, पट्टी घेतली, विणायला लागली. दोरा करंगळीवरून सरकत पट्टीवर जायचा, कडेवर ताणला जायचा, गाठ बसायची. दोन ओळी झाल्यावर करंगळी चुरचुरली म्हणून तिने उलटून पाहिली. करंगळीच्या घट्ट्यात दोऱ्याने खाच पाडली होती. जुनी, खोल, तिरकी. तिने खाच पट्टीच्या कडेशी लावली. रेघांचा कल तोच होता.

बोट झिजलं ते तिला रोज दिसत होतं. लाकूडही झिजेल, हे कधी मनात आलं नव्हतं. वडिलांच्या हातचं, साहेबाने तपासलेलं लाकूड. आणि पिशवी पुरी झाली की ती तपासायची कशाने? त्याच पट्टीने. पट्टी दर वेळी बरोब्बर बसायची आणि ती दर वेळी खूश व्हायची.

मग पायरीवर येऊन नवऱ्याच्या शेजारी टेकली आणि करंगळी त्याच्यापुढे धरली. त्याने करंगळी पाहिली, पट्टी पाहिली. म्हणाला, कारखान्यात आम्ही मापाची हत्यारं दर वर्षी तपासायला पाठवायचो. ती म्हणाली, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तो म्हणाला, तुझ्या पट्टीवर कोण बोलणार?

संध्याकाळी ती भावाकडे गेली. भावजयीने चहा पुढे केला आणि दोघांची तोंडं बघून स्वतःचा कप घेऊन आत गेली. गाठताईने सगळं सांगितलं. सुनावणीत उभी राहून मी हेच सांगणार, म्हणाली. चूक तुझी नव्हती, तुझा परवाना वाचेल.

धाकट्याचा चेहरा खुलायला हवा होता. तो काळवंडला.

"तू विणलेली पिशवी काय माझ्या एकट्याच्या बोटीवर आहे? धक्क्यावर सगळ्यांच्या आहेत. तू एकदा बोललीस की त्या सगळ्या उतरवाव्या लागतील, ऐन हंगामात. मग माझा परवाना चाटायचा का? मला इथे बोट लावू देईल कोणी? आणि तुझ्या दारात दोरा तरी पडेल पुन्हा?"

"मग काय सांगू?"

त्याने कप खाली ठेवला. "भाऊजींनी पट्टी घासली म्हण. चावी त्यांच्याकडे आहे. हत्यारं त्यांच्याकडे आहेत. क्लब त्यांचा आहे. कोणालाही पटेल."

तिला ते दुपारी स्वतःलाच पटलं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

"ते काही घासलेले नाहीत," ती म्हणाली.

"मला माहीत आहे गं. पण त्यांचं काय जाणार आहे? निवृत्त माणूस. पोट गळावर नाही त्यांचं."

ती उठली. दारापर्यंत गेल्यावर तिने सांगितलं की सुनावणीला येताना अंघोळ करून ये, तुझ्या शर्टाला डिझेलचा वास येतो.

सुनावणीची खोली लहान होती आणि तिथे एकच पंखा होता. बाकं दोन. एकावर बोटीवाले, एकावर गळवाले, आणि पंखा आपल्याकडे कमी येतो अशी दोन्ही बाकांची समजूत. फिटर गळवाल्यांच्या बाकावर, पण टोकाला, अर्धा बाहेर. धाकटा बोटीवाल्यांच्या बाकावर मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून. निरीक्षक बाईने पोत्याचं सील फोडलं. गाठताईने पिशवी हातात घेतली, एक गाठ अंगठ्याने दाबून बघितली आणि माझीच आहे म्हणाली. मग पट्टी टेबलावर ठेवली.

"ही झिजली," ती म्हणाली. "माझ्या हाताने. कोणी घासली नाही, कोणी बदलली नाही. भावाने मागितलं म्हणून मी कमी विणलं नाही. मी बघितलंच नाही."

निरीक्षक बाईने पट्टी मोजली. करंगळीही पुढे करायला लावून बघितली. मग विचारलं, अशा पिशव्या आणखी किती बोटींवर आहेत? गाठताईने खिडकीबाहेर बोट केलं. तिथून सगळा धक्का दिसत होता.

खोलीत एकदम कल्ला झाला. डॉक्टर उठून म्हणाला की हे फारच सोयीचं आहे, भाऊ सापडला आणि लगेच लाकूड झिजलं. आता सगळे खरवडे निर्दोष आणि गुन्हेगार एक पट्टी. बोटीवाल्यांच्या बाकावरून म्हणाले की नवऱ्याने पढवून आणलीय, हंगाम बुडवायचा गळवाल्यांचा डाव. दोन्ही बाकं पहिल्यांदाच एका गोष्टीवर सहमत होती, की ही बाई खोटं बोलतेय. गाठताई उभीच होती. आयुष्यभर तिने लोकांकडे असंच बघितलं होतं. आता खोलीभर लोक तिच्याकडे तसे बघत होते, आणि त्यात तिला ओळखीचं नाही असं काही दिसलं नाही.

फिटर उठला. सगळ्यांना वाटलं, हा आता बायकोची बाजू मांडणार. तो म्हणाला, तिचं खरं की खोटं ते मला विचारू नका, मीही आठवडाभर तिच्यावर संशय घेत होतो. जाळी मोजा. मुद्दाम केलं असेल तर भावाची कमी निघेल आणि इतरांची पुरी. सगळ्यांची सारखीच कमी निघाली तर काय ते तुम्ही समजा.

निरीक्षक बाई उठून धक्क्यावर गेली. दोन्ही बाकं तिच्या मागोमाग, एकमेकांच्या पुढे जायची धडपड करत. एकेका बोटीवर पाचर आसात जात होती आणि रेघ तेवढीच वर राहत होती. दर बोटीगणिक बोटीवाल्यांचा आवाज कमी होत गेला. डॉक्टरचाही झाला.

निकाल असा लागला. धाकट्याला दुसरा ठपका नाही, परवाना राहिला. पण गाठताईच्या हातची एकही पिशवी पाण्यात जायची नाही. नव्या विणायच्या त्या खात्याच्या पोलादी पट्टीवर, आणि दोन्ही पक्षांचा एकेक माणूस समोर बसवून.

काही मालकांनी तिथल्या तिथे पाठ फिरवली आणि यंत्रावरची पिशवी आणायला माणूस धाडला. त्यांतले दोघे तिचे लहानपणापासूनचे शेजारी होते. ज्यांचा निरुपाय होता ते शेडबाहेर रांगेत उभे राहिले, तिच्याशी न बोलता. आता समोर बसायचं कोणी? बोटीवाले म्हणाले, बहीण ज्याची त्याने बसावं, आणि त्याची पिशवी सगळ्यांत शेवटी. गळवाले म्हणाले, बढाई ज्याने मारली त्याने बसावं. दोन्हीकडे विश्वासापेक्षा शिक्षेचा भाग मोठा होता.

तर असे तिघे त्या शेडमध्ये बसू लागले. मधे गाठताई, एका बाजूला धाकटा मांडीवर पाचर घेऊन, दुसऱ्या बाजूला फिटर व्हर्निअर घेऊन. मेहुणे-भाऊजींचं बोलणं बंद. हात लांबवला असता तर एकमेकांच्या खांद्याला लागला असता, पण जे काही असेल ते तिच्यामार्फत. ताई, भाऊजींना सांग, उजेड अडवू नका. अगं, तुझ्या भावाला सांग, पाचर तिरकी धरतोय. ती कोणाचं काही पोचवत नव्हती. दोघांना ऐकू येतच होतं.

पोलादी पट्टी हाताला गार आणि परकी लागायची. वेग निम्म्यावर आला. दर ओळीनंतर ती थांबायची, हात मांडीवर ठेवायची आणि दोघांना मोजू द्यायची. एक म्हणायचा बरोबर. दुसरा जरा वेळ घेऊन, नाइलाज झाल्यासारखं, बरोबर म्हणायचा. बाहेर रांगेतले लोक दारातून मान घालून बघून जायचे, की खरंच मोजतायत ना.

असे काही दिवस गेले. एका दुपारी उकाडा फार होता. तिने ओळ संपवली, हात मांडीवर ठेवले. धाकट्याने जांभई दिली. फिटर चष्मा पुसत होता.

"असू दे ताई," धाकटा म्हणाला. "इतक्या ओळी बरोबर आल्या. हीपण बरोबरच असणार."

"असणारच," फिटर म्हणाला. दोघं पहिल्यांदा एकमेकांना दुजोरा देत होते, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

गाठताईने सुई खाली ठेवली.

"असणार म्हणू नका," ती म्हणाली. "मोजा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग धाकटा पाचर घेऊन पुढे सरकला, फिटर दुसऱ्या बाजूने वाकला, आणि ती दोघांच्या हातांकडे बारीक डोळे करून बघत राहिली.